कॅमेरा कुठे ठेवलाय?

'शोले' (१९७५) आपल्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल. पण गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा आधी काय दिसतं, आठवतंय? चेहरा नाही, खडकावरून चालणारे बूट आणि हातातला लोंबता पट्टा. म्हणजे गब्बरने तोंड उघडण्याआधीच दिग्दर्शकाने आपल्याला त्याच्या पायाशी बसवलेलं असतं!

कॅमेरा खाली ठेवून वर रोखला की तो 'लो अँगल'. त्यात माणूस मोठा, जबरदस्त वाटतो. वरून खाली पाहिलं की 'हाय अँगल'. तोच माणूस लहान, एकटा वाटतो. डोळ्यांच्या पातळीवरून पाहिला तर बरोबरीचा. झाला पुस्तकी नियम. पण हा काही ओहमचा नियम नव्हे, की किंमती घातल्या आणि उत्तर आलं.

'सिटिझन केन' (१९४१) मध्ये केन निवडणूक हरतो. त्यानंतरच्या प्रसंगासाठी ऑर्सन वेल्सने सेटची चक्क जमीन खोदून कॅमेरा खाली उतरवला. माणूस हरलेला, पण दिसतो अवाढव्य. म्हणूनच ते मोठेपण पोकळ वाटतं.

सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) तर याहून भारी. हिंदीतला 'एक रुका हुआ फैसला' यावरूनच घेतलेला. जवळजवळ सगळा सिनेमा एका खोलीत. १२ ज्युरी आणि एका पोराच्या जीवनमरणाचा प्रश्न. पहिल्या एक तृतीयांश भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मधल्या भागात पातळीवर आणि शेवटी पातळीखाली. हळूहळू छत दिसायला लागतं. सोबत लेन्सची फोकल लेंग्थही वाढवत नेलेली, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. खोली तेवढीच, पण बघणाऱ्याचा जीव गुदमरतो. इथे लो अँगलने कुणी हिरो झाला नाही, वाढला तो दबाव.

आणि नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (२०१३)? शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. इतका वेळ बाजूला उभं राहून गंमत बघणाऱ्यांत आपणही होतो, हे तेव्हा लख्ख कळतं.

तर पुढच्या वेळी रूमवर पिक्चर लावाल तेव्हा एखादा सीन आवाज बंद करून बघा. कॅमेरा कुठे ठेवलाय? आपल्याला कुणाच्या बाजूला उभं केलंय? हीच सवय बातम्या आणि निवडणुकीच्या जाहिराती बघतानाही ठेवा. नेता नेहमी खालूनच का दाखवतात, हा प्रश्न एकदा पडला, की आपलं मत आपण स्वतः बनवलंय की कॅमेऱ्याने, हे तपासता येतं.