श्वासाची वाट – लेखांक ६ : आखूड झालेल्या पक्ष्माभिका

क्रांती चौकातून जाणाऱ्या जालना रस्त्यावरील धूळ आणि डिझेलची काजळी एकाच श्वासासोबत शरीरात शिरत असली, तरी दोहोंची पुढची वाट निराळी असते. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकाघशातच अडतात. त्याहून बारीक धुळीचा बराच भाग श्वासनलिका व तिच्या शाखांच्या भिंतींवर बसतो. अतिसूक्ष्म काजळी मात्र वायुकोशांपर्यंत पोचू शकते, जेथे पक्ष्माभिका नसतात आणि सफाईचे काम भक्षक पेशींवर पडते.

‘पक्ष्म’ म्हणजे पापणीचा केस. त्यावरूनच श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींवर असलेल्या या केसासारख्या तंतूंना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर त्या सुमारे २०० असतात, त्यांची लांबी जेमतेम ६-७ मायक्रॉन भरते आणि सेकंदाला १० ते १५ वेळा त्या घशाच्या दिशेने फटका मारतात. त्यांच्याभोवती पातळ द्रवाचा थर असतो व त्यावर चिकट श्लेष्मा, म्हणजेच कफ, तरंगतो. त्यात अडकलेली धूळ अशा रीतीने वर येऊन नकळत गिळली जाते.

दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसविकारात (सीओपीडी) ही व्यवस्था एकाच ठिकाणी नव्हे, तर अनेक बाजूंनी ढासळते. धुरामुळे पक्ष्माभिका आखूड होतात, काही ठिकाणी त्यांच्या पेशी नष्ट होऊन तेथे चपट्या, पक्ष्माभिकाहीन पेशी येतात, आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या चषक पेशींची संख्या वाढते; म्हणजे ओझे वाढते त्याच वेळी हमाल कमी होतात. याहून महत्त्वाची बाब नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिली : श्लेष्मा फार घट्ट झाला की तो खालच्या थरातील पाणी ओढून घेतो आणि शाबूत पक्ष्माभिकाही त्याच्या दाबाखाली चेपल्या जातात. त्यामुळे केवळ पक्ष्माभिका मोजून या विकाराचे आकलन पुरे होत नाही.

हा विकार धूम्रपान करणाऱ्यांचा, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लक्ष वेधले, की जगात सुमारे १०१ कोटी लोक तंबाखू ओढतात, तर लाकूड, गोवऱ्या व काडीकचरा यांच्या धुरात वावरणाऱ्यांची संख्या सुमारे ३०० कोटी आहे. विडीला कधी हात न लावलेली, परंतु आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली स्त्री धाप लागून दवाखान्यात येते, तेव्हा तिच्या चुलीची चौकशी क्वचितच होते.

पक्ष्माभिका निकामी झाल्यावर कफ बाहेर काढण्यासाठी खोकला हाच मुख्य मार्ग उरतो. झोपेत खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि साचलेला कफ सकाळी एकदम सुटू लागतो, म्हणून अशा रुग्णांची पहाट खोकल्याने सुरू होते. आणि म्हणूनच, बेडका पडत असताना केवळ खोकला दाबणारे औषध घेण्याची घरोघरची रीत येथे उलटी पडू शकते.