दिसणारा ओरखडा आणि खाणारा ओरखडा

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्यावरून धावणाऱ्या पिकअपच्या अंगावरचे ओरखडे काही कमी झाले नाहीत, कारण ते महामार्गावर पडतच नाहीत. ते पडतात शेतापासून डांबरापर्यंतच्या पांदणीत, दोन्ही बाजूंनी झुकलेल्या बाभळींच्या काट्यांनी. आणि पडतात हौद्यात, संत्र्याचे क्रेट ओढताना किंवा तुरीच्या कट्ट्यांखाली लोखंडी पाइप घासताना.

या ओरखड्यांबद्दल गाडीमालकांचे दोन पंथ आहेत. पहिल्याला दारावर रेघ दिसली की चैन पडत नाही. तो टूथपेस्ट घासतो, मग गॅरेज गाठतो. दुसरा म्हणतो, "धंद्याची गाडी हाये, नवरदेवाची घोडी नोहे. येवढ्याशा ओरखड्यानं काय व्हते?" माझ्या मते दोघंही चुकतात, पण दुसऱ्याची चूक महाग पडते. डोळ्याला सलणारा ओरखडा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पत्रा खाणारा ओरखडा तिथं असतो जिथं कोणी बघत नाही.

मुळात "रंग" म्हणून आपण जे पाहतो तो एकच थर नसतो. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर येतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि बऱ्याच गाड्यांवर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. गंज रोखण्याचं खरं काम करतो तो तळाचा, सुमारे २० मायक्रॉनचा थर. तो शाबूत असेल तर वरचा ओरखडा हा फक्त दिसण्याचा प्रश्न.

तो शाबूत आहे का, हे ओळखायला गॅरेजची गरज नाही. जागा धुऊन कोरडी करा आणि ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकत नसेल तर वरचाच थर खरवडला आहे. बाभळीच्या बहुतेक रेघा याच जातीच्या. नख अडकलं तर आतला रंग बघा. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप पांढऱ्या, त्यामुळे हे वाचणं सोपं जातं. राखाडी किंवा काळपट दिसलं तर प्रायमरपर्यंत गेलं आहे, घाई नाही. चकाकणारा पत्रा दिसला तर त्याच आठवड्यात काम करा. तपकिरी दिसलं तर उशीर झालाच आहे. आणि लाल किंवा निळी रेघ असेल तर तो ओरखडा नसूही शकतो, दुसऱ्याच्या फाटकाचा रंग आपल्या गाडीला लागलेला असतो. तो पॉलिशने निघून जातो.

टूथपेस्टचं काय? तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे अगदी वरवरची रेघ थोडी पुसट होते, हे खरं. पण नख अडकणाऱ्या ओरखड्यात ती काहीही भरत नाही. खोबरेल तेल, रॉकेल, मेण यांनी रेघ ओली दिसते म्हणून नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि दोन धुण्यांत परत येते. रबिंग कंपाउंड हेच काम नीट करतं, पण तेही थर घासूनच. क्लिअर कोटची सगळी जाडी ३५ ते ५० मायक्रॉन. दर दिवाळीला जोरदार रबिंग करून घेणारा माणूस गाडी चमकवत नसतो, तिचं कातडं पातळ करत असतो. त्यातून बऱ्याच मालवाहू गाड्यांचा साधा पांढरा रंग क्लिअर कोटशिवाय, एकेरीच असू शकतो. घासताना कापडाला गाडीचा रंग लागला तर तो एकेरी, अशी खूण मिस्तरी सांगतात. पांढऱ्या गाडीत ती फसवी आहे, कारण क्लिअर कोटची भुकटीही पांढरीच दिसते.

आता सगळ्यात घातक समज: "आपला वऱ्हाड कोरडा, गंज कोकणात चढतो." हवा कोरडी आहे हे मान्य. पण गंजाला लागतं पाणी आणि प्राणवायू, आणि मीठ मिळालं तर त्याचा वेग वाढतो. मीठ आपल्याकडे समुद्रातून येत नाही, जमिनीतून येतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागातल्या विहिरी-बोअरचं पाणी प्यायला नको वाटतं, पण गाडी धुवायला सर्रास वापरलं जातं. उन्हात धुतलेल्या गाडीवरचं पाणी काही मिनिटांत उडतं, त्यातले क्षार मागे राहतात, आणि उघड्या पत्र्याच्या ओरखड्यात ते साचत जातात. क्षार हवेतला ओलावा धरून ठेवतात. अशा पाण्याने धुवायचंच असेल तर संध्याकाळी धुवा आणि कापडाने कोरडी पुसा. शेवटची बादली गोड्या पाण्याची मिळाली तर उत्तमच.

दुसरं मीठ येतं पोत्यांतून. पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा भाऊबंद. युरियाही पाणी ओढतो. पेरणीच्या दिवसांत फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत हौद्याच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या बिजागरीपाशी बसतं, वरून मृगाची सर येते, आणि ज्या ओरखड्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं तिथून पत्रा फुगायला लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो शेजारचा चांगला रंगही उचलत पुढे सरकतो. हौद्यात रबरी मॅट टाकली की पत्रा सुरक्षित, हाही अर्धाच समज. मॅट नवे ओरखडे वाचवते, पण खाली ओल धरून ठेवते. महिन्यातून एकदा ती उचलून हौदा झाडावा आणि पाणी निघायची भोकं मोकळी करावीत. हे दहा मिनिटांचं काम बॉनेटच्या हजारो रुपयांच्या पॉलिशपेक्षा जास्त पैसे वाचवतं.

गंज दिसल्यावर होणारी ठरलेली चूक म्हणजे त्यावर पुट्टी भरणं. पासिंग जवळ आलं की हे जोरात चालतं. पुट्टी खळगा भरायला असते, गंज थांबवायला नाही. ती स्वतःच ओल शोषते. गंजावर थेट रेड ऑक्साइड मारण्याचंही तेच. क्रम असा हवा: तारेचा ब्रश आणि जाड पेपरने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासणं, कडा उतरत्या करणं, थिनरने पुसून तेलकटपणा काढणं, उघड्या पत्र्यावर हार्डनर घालून वापरायचा इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तरच पुट्टी, पुन्हा प्रायमर, मग रंग. हौद्याच्या आत सुंदर दिसण्याची गरज नाही. तिथं नीट घासलेल्या पत्र्यावर ब्रशने मारलेला प्रायमर आणि साधा रंगही पुरतो. घासण्यात आळस केला तर भारीतला रंगही वाया जातो.

"ऊन कडक आहे, रंग लवकर वाळेल" हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. अशा पत्र्यावर थिनर रंग पसरण्याआधीच उडतो. रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो, नाही तर वरची साय धरल्यावर आतला थिनर फुटून टाचणीएवढी छिद्रं पडतात. उन्हाळ्यात काम सकाळी, सावलीत आणि हळू उडणाऱ्या थिनरने करायचं. भर पावसातल्या दमट हवेत उलटा त्रास, रंग पांढुरका पडतो.

कलर कोड बघून आणलेला डबा तंतोतंत जुळेल ही अपेक्षाही सोडा. कोड कारखान्यातल्या रंगाचा असतो. तुमची गाडी वऱ्हाडच्या उन्हात काही वर्षं उभी राहिलेली असते. पांढऱ्यातही कितीतरी छटा असतात. चांगला मिस्तरी आधी छोट्या पत्र्यावर नमुना मारून उन्हात जुळवतो आणि रंग ठिगळासारखा न थांबवता दाराच्या किंवा पॅनलच्या कडेपर्यंत नेतो.

त्या मिस्तरीबद्दलही एक गोष्ट. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं गॅरेजमध्ये मानतात. दोन घटकांच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानेही उचल खातो. रुमाल फार तर धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी किमान कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो, आणि फवारताना हवा खेळती हवी.

राहता राहिला विमा. "फुल इन्शुरन्स आहे, रंगाचा क्लेम टाकू" असं म्हणणाऱ्याने आधी पॉलिसीचा कागद वाचावा. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत रंगकाम, बंपर, मडगार्ड, दिवे यांचं नुकसान सहसा धरलेलंच नसतं. ते हवं असेल तर आयएमटी २३ नावाची जोडणी ज्यादा हप्ता भरून घ्यावी लागते. ती असली तरी रंगाच्या साहित्यावर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. किरकोळ ओरखड्यासाठी हा व्यवहार परवडत नाही. ओरखड्याच्या निमित्ताने अख्ख्या गाडीचा रंगच बदलायचा विचार असेल, तर आरसी बुकात रंगाची नोंद असते हे लक्षात ठेवा. एमएच २७ असो की एमएच ३०, त्यासाठी आधी आरटीओत अर्ज करावा लागतो. त्याच रंगाच्या टचअपला मात्र कोणाला विचारायची गरज नाही.