चिठ्ठीवरचा काळ

आमच्या देडतलाई गावात विहीर खणा नाहीतर घराचं जोतं घाला, हाताला लागतो तो काळा दगड. लाव्हा थिजून झालेला. त्यात समुद्रातला जीव कुठून सापडणार? म्हणून तीस वर्षांपूर्वी कच्छहून आणलेला बोटभर बेलेम्नाइट, माकुळासारख्या सागरी प्राण्याचा जीवाश्म, मी रुमालात गुंडाळून जपला. चिठ्ठीवर हौसेने लिहिलं, ‘आद्य ज्युरासिक’.

ते चुकलं होतं. डोक्यात इंग्लंडमधलं लाइम रीजिस होतं. तिथल्या आद्य ज्युरासिक थरांत १८२६च्या सुमारास मेरी अ‍ॅनिंगला बेलेम्नाइटमध्ये वाळलेली शाई सापडली, आणि एलिझाबेथ फिलपॉटने ती कालवून जीवाश्मांची चित्रं काढली. कोट्यवधी वर्षांची शाई! या गोष्टीने मी असा झपाटलो, की हातातला दगडही त्याच काळातला वाटला.

नीट बघायला पुढे हळूहळू शिकलो. एक टोक निमुळतं, दुसरीकडे शंकूसारखी खोबण. तिच्यात कप्प्याकप्प्यांचं कवच बसे, भोवती माकुळासारखं मऊ अंग. उरते ती शेपटीकडची भरीव कांडी. मोडलेल्या जागी भिंग धरलं, तर मधून चहूबाजूंनी निघालेल्या कॅल्साइटच्या सुया आणि झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. १९५१मध्ये हॅरल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका ज्युरासिक बेलेम्नाइटच्या वलयांतून समुद्राचं तापमान काढलं. तो प्राणी चारेक वर्षं जगला आणि वसंतात मेला, इथपर्यंत त्यांनी सांगितलं. मला आजही याचं नवल वाटतं.

माझ्या दगडाची ओळख मात्र एका चरीने पटली. एका अंगाने जवळजवळ टोकापर्यंत गेलेली लांब चर. आद्य ज्युरासिकमधल्या पॅसॅलोट्यूथिस या बेलेम्नाइटला अशी चर नसते, त्याच्या फक्त टोकाशी आखूड खाचा असतात. लांब चर बेलेम्नॉप्सिसची. शिवाय कच्छमधले उघड्यावर आलेले सागरी थर मध्य ज्युरासिकपासूनच सुरू होतात. कॅप्टन ग्रँटचा कच्छवरचा लेख १८४०मध्ये छापला गेला, वागेनने १८७३मध्ये तिथल्या बेलेम्नाइटांचं वर्णन केलं. तेवढं आधी वाचायला हवं होतं.

आमचा काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता, त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, बेलेम्नाइट संपले.

चिठ्ठी आता नवी आहे: बेलेम्नॉप्सिस, मध्य ते उत्तर ज्युरासिक, कच्छ. कुठल्या नाल्यातल्या कुठल्या थरातून उचलला, ती ओळ कोरी आहे. तेव्हा लिहून घेतलं नव्हतं.