डिवचलं की चिथावलं?
आम्हा इंदूरच्या मराठी पोरांचं हिंदीच्या सवयीने 'भडकवणे' या एकाच क्रियापदावर भागतं. पण मराठीत भांडण कोणी पेटवलं, ते क्रियापदच सांगतं. 'डिवचणे' दोघांत होतं: हरलेल्या मॅचवरून मित्राला डिवचलं, की त्याचा राग तुमच्यावरच. 'चिथावणे' म्हटलं की बहुधा तिसरा आला. थोरल्या काकांविरुद्ध धाकट्याला चिथावणारा स्वतः भांडणात नसतोच. पेपरातलं 'चिथावणीखोर भाषण' तेच. 'कळ लावणारा' तर दोन्ही घरी चहा पिऊन येतो. नारदाला कळलाव्या म्हणतात ते यावरूनच. घराच्या वाटणीत 'त्याने मला भडकवलं' एवढंच म्हटलं, तर हा तिसरा अलगद सुटतो. फॅमिली ग्रुपवर जुना मेसेज फॉरवर्ड करून गप्प बसणाराही चिथावणाराच, डिवचणारा नव्हे.