विश्लेषण : कमी खर्चात फिश टँक कसा जमवावा? आधी मासे की आधी पाणवनस्पती?

हौसेने आणलेला फिश टँक महिनाभरात रिकामा होतो, हा अनेक घरांतला अनुभव आहे. किनवटसारख्या गावात त्यात तीन अडचणींची भर पडते : बोअरचे क्षारयुक्त जड पाणी, एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांपुढे जाणारा पारा आणि अधूनमधून जाणारी वीज. तरीही महागडी यंत्रे न घेता हिरवागार टँक उभा करता येतो. त्यासाठी क्रम मात्र उलटा करावा लागतो : झाडे आधी, मासे महिन्याभराने.

मासे पहिल्या महिन्यातच का मरतात?

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजले की पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विष असतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी असते आणि वनस्पतींना खत म्हणून उपयोगी पडते. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टँकमध्ये ते जवळपास नसतातच.

बोअरचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो आणि उष्णतेने तो आणखी वाढतो. म्हणून पाणी नितळ दिसत असतानाही मासे दगावतात.

वनस्पतींनी काय फरक पडतो?

पाणवनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात आणि उजेडात प्राणवायू सोडतात. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात याच आधारावर साधी पद्धत मांडली : तळाला माती, वर वाळू, भरपूर झाडे आणि मोजके मासे. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. कमी बजेटवाल्यांसाठी आजही हीच पद्धत सोयीची आहे.

साहित्य काय लागते, खर्च किती?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक सुरुवातीला पुरेसा आहे. त्यात साधारण ४५ लिटर पाणी मावते. भरल्यावर वजन ६० ते ७० किलो होते, त्यामुळे टेबल मजबूत आणि सपाट हवे. टँकखाली थर्माकोलची शीट अंथरावी.

तळाला नर्सरीतली लाल माती एक इंच घालावी. काळी माती फार बारीक असते, पाणी गढूळ करते. युरिया, डीएपी किंवा ताजे शेणखत अजिबात नको. वर बांधकामाची जाडसर वाळू चाळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, एक ते दीड इंच पसरावी. दगड ठेवायचे असतील तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघावेत. फेस आला तर त्या दगडात चुना आहे, तो पाणी आणखी जड करील.

उजेडासाठी १२ वॉटचा पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी बल्ब दिवसाला सात-आठ तास पुरतो. त्याहून जास्त उजेड दिला तर शेवाळ माजते. सोबत छोटा एअर पंप आणि स्पंज फिल्टर. दोन्ही मिळून महिन्याला सहा युनिटच्या आसपास वीज लागते. भाव गावोगावी बदलतात, पण टँक जुना मिळाला तर सगळे दोन-अडीच हजारांत बसू शकते.

कोणत्या वनस्पती टिकतात?

हायड्रिला, व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट या तिन्ही आपल्याकडच्या तळ्यांतही आढळतात. जड पाणी त्यांना चालते. पहिल्याच दिवशी तळाचा निम्म्याहून अधिक भाग लावून टाकावा. तळ्यातून आणलेल्या फांद्या पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवून धुवाव्यात. गोगलगायी आणि किडे बरेच कमी होतात. पैनगंगा अभयारण्यातून मात्र काहीही उपटून आणू नये. तो गुन्हा आहे.

एक धोका लक्षात ठेवावा. मासे नसलेले साचलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. या महिनाभरात टँकवर मच्छरदाणीचे कापड घट्ट बांधावे.

पाणी कोणते, उन्हाळ्यात काय?

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते; ते बादलीत २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे आणि निघालेले पाणी परसबागेला घालावे. स्पंज त्याच जुन्या पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर उपयोगी जिवाणू मरतात.

उन्हाळ्यात पाणी आटते, क्षार मात्र मागेच राहतात. तूट भरायला पुन्हा बोअरचे पाणी घातले की पाणी जड होत जाते. अशा वेळी साठवलेले पावसाचे किंवा जारचे पाणी चांगले. जारचे गार पाणी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे.

तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमपेक्षाही कमी. टँक पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. पाण्यावर पंख्याचा वारा आला की माठासारखा गारवा मिळतो. रात्री झाडेही प्राणवायू वापरतात, म्हणून वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप जवळ असावा.

मासे कोणते, किती?

जड पाण्यात गप्पी, मॉली आणि प्लॅटी रमतात. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना मऊ पाणी लागते. त्यांच्यावर इथे पैसे घालवू नयेत. सुरुवात पाच-सहा गप्पींनी करावी. मादी महिन्याला पिल्ले देते, म्हणून शक्यतो लहान, रंगीत नरच घ्यावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच टाकावे.

हौस फिटली तर मासे पैनगंगेत सोडावेत का?

मुळीच नाही. ॲक्वेरियममधून सुटलेला सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छिमारांच्या जाळ्यात अडकतो. त्याला भाव नाही आणि तो जाळीही फाडतो. शोभेची म्हणून परदेशातून आणलेली जलपर्णी नद्या झाकून टाकते. पैनगंगा पुढे वर्धा आणि प्राणहितेमार्गे गोदावरीला मिळते. किनवटला सोडलेला जीव किनवटलाच थांबत नाही. हिवताप विभाग गप्पी सोडतो, तो डासअळ्यांसाठी आणि बंदिस्त साठ्यांत.

नको असलेले मासे दुसऱ्या हौशी माणसाला किंवा दुकानात परत द्यावेत. छाटलेल्या फांद्या उन्हात कडकडीत वाळवून कंपोस्टमध्ये टाकाव्यात. नाल्यात फेकू नयेत, हायड्रिलाचा छोटा तुकडाही पुन्हा रुजतो.