उभ्या गाडीतून उडणारे पेट्रोल

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये पुण्या-नागपूरकडून नोकरीसाठी आलेली मराठी मंडळी बरीच आहेत. घरून काम असले की अनेकांची गाडी चार-चार दिवस जागची हलत नाही. गाडी उभी म्हणजे प्रदूषण नाही, असे आपण धरून चालतो. टाकीतले पेट्रोल मात्र स्वस्थ बसत नाही. दिवसा टाकी तापते आणि त्याची वाफ होते. ही वाफ हवेत सुटू नये म्हणून गाडीत एक स्वतंत्र यंत्रणा बसवलेली असते. तिच्यातला बिघाड ओळखायला अवघड नाही, पण बहुतेकांना ती असते हेच माहीत नसते.

या वाफेत बेंझिन असते आणि त्याने कर्करोग होतो. त्याहून मोठा धोका रस्त्यावर तयार होतो. १९५०च्या सुमारास लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या धुरक्याचा उलगडा आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने केला. पेट्रोलमधली हायड्रोकार्बन आणि इंजिनातून येणारे नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो, हे त्याने दाखवून दिले. जमिनीलगतचा हा ओझोन फुप्फुसांना जाळतो. सिल्क बोर्ड चौकातल्या दुपारच्या कोंडीत हे सगळे घटक हजर असतात.

वाफ अडवण्याचे काम कॅनिस्टर नावाचा डबा करतो. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे असतात. अशा एका ग्रॅम कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते, म्हणजे एचएसआरमधले तीस बाय चाळीस फुटांचे नऊ प्लॉट! टाकीतली वाफ नळीने या डब्यात येते आणि कोळशाला चिकटते. इंजिन गरम होऊन गाडी चालू लागली की संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या ओढीने बाहेरची हवा कोळशातून जाते, वाफ सोबत घेते आणि ती इंजिनात जळते. कोळसा पुन्हा मोकळा होतो. गाडी दिवसेंदिवस उभी राहिली तर ही सफाई होतच नाही. डबा भरतो आणि पुढची वाफ बाहेर पडू लागते.

आपल्याकडे यासाठी कायदेशीर मर्यादा आहे. नवीन मॉडेल बाजारात येण्याआधी गाडी हवाबंद खोलीत ठेवून तिच्यातून उडालेले हायड्रोकार्बन मोजतात. पुण्याच्या एआरएआय संस्थेत अशी चाचणी होते. मोटारीसाठी मर्यादा एका चाचणीत २ ग्रॅम, तर बीएस-६ दुचाकीसाठी १.५ ग्रॅम आहे. पण ही परीक्षा नव्या गाडीची. नंतर आपण जे पीयूसी करतो, त्यात नळी सायलेन्सरमध्ये घालतात. टाकीकडे कोणी पाहत नाही.

अमेरिकेतल्या गाड्या टाकी आणि नळ्यांची गळती स्वतः तपासतात. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकानेही तिथे चेक इंजिनचा दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. इथल्या बहुतेक गाड्या पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीवर लक्ष ठेवतात, गळतीवर नाही. त्यामुळे दिवा लागला नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. इथे नाक आणि लक्षणेच कामाला येतात.

सर्वांत बोलके लक्षण पेट्रोल पंपावर दिसते. टाकी फुल केली, किल्ली फिरवली आणि गाडी लवकर सुरू होईना. झाली तरी थरथरते आणि मिनिटभराने सुधारते. असे वारंवार झाले तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकल्याची शंका घ्यावी. पेट्रोल भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते आणि उघड्या व्हॉल्व्हमधून थेट इंजिनात शिरते. मिश्रणात पेट्रोल जास्त, हवा कमी, म्हणून इंजिन गुदमरते.

मेकॅनिकने आधी स्कॅनर लावून कोड पाहावा. पी०४४३ हा पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटचा, पी०४४१ चुकीच्या प्रवाहाचा. मग बॉनेट उघडून थंड इंजिन चालू करावे, व्हॉल्व्हची कॅनिस्टरकडची नळी काढावी आणि उघड्या तोंडावर बोट ठेवावे. थंड इंजिनात व्हॉल्व्ह बंद असायला हवा. बोट ओढले गेले तर तो अडकला आहे. इंजिन बंद करून व्हॉल्व्हला १२ व्होल्ट दिले की टक् आवाज यायला हवा. शेवटी काढलेली नळी पांढऱ्या कागदावर झटकावी. काळे दाणे पडले तर कॅनिस्टर आतून फुटला आहे. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर तेच दाणे नवा व्हॉल्व्हही अडकवतात.

पेट्रोलचा वास येत असेल तर टाकीच्या झाकणाचे रबर आणि नळ्यांचे जोड पाहावेत. तडा दिसला नाही तर अगदी कमी दाबाने धूर सोडून गळती शोधतात. कॉम्प्रेसरची जोराची हवा टाकीत कधीच सोडू नये.

बेंगळुरूत या यंत्रणेवर ताण जास्त पडतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. हवेचा दाब कमी असल्याने पेट्रोल सहज उडते. २० टक्के इथेनॉलचे ई२० इंधनही ६ फेब्रुवारी २०२३ रोजी याच शहरात सुरू झाले. साध्या पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळले की वाफेचा दाब वाढतो, आणि जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मानवत नाही.

तरीही कॅनिस्टर खराब होण्याचे मोठे कारण आपल्या हातातले आहे. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाल्यावर टाकीत वाफेसाठी जागा उरलेली असते. राउंड फिगरसाठी आणखी पेट्रोल ओतले की ते द्रवरूपातच कॅनिस्टरमध्ये शिरते. कोळसा भिजून निकामी होतो, आणि सगळी दुखणी तिथून सुरू होतात.

म्हणून पंपावर ‘ऑटो कट झाला की थांबा’ एवढे ठामपणे सांगा. उभी गाडी आठवड्यातून एकदा तरी इंजिन नीट तापेपर्यंत चालवा. गॅरेजमध्ये नुसता कोड पुसून दिवा घालवू देऊ नका. कारण शोधायला लावा. आणि पीयूसी तपासणीत टाकीचे झाकण आणि वाफेच्या नळ्याही पाहिल्या जाव्यात, ही मागणी आपण वाहनधारकांनीच लावून धरली पाहिजे.