पिकोस दे एउरोपा : निघण्यापूर्वी

कुठे : उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियास, कांताब्रिया आणि लेओन प्रांतांतले चुनखडीचे डोंगर.

राष्ट्रीय उद्यान : १९१८ साली इथले कोवादोंगा स्पेनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ मध्ये त्याचा विस्तार झाला.

सर्वोच्च शिखर : तोरे सेरेदो, सुमारे २,६५० मीटर.

मानाचा सुळका : नारांखो दे बुल्नेस, २,५१९ मीटर. पेद्रो पिदाल आणि ग्रेगोरियो पेरेस यांनी १९०४ मध्ये तो प्रथम सर केला. चढाई फक्त कसलेल्या प्रस्तरारोहकांसाठी.

पायवाट : पोन्सेबोस ते काईन, एका बाजूने सुमारे १२ किलोमीटर. जलविद्युत कालव्याच्या देखभालीसाठी कारेस नदीच्या घळीत कड्यात कोरलेली; बऱ्याच ठिकाणी कठडा नाही.

सावधान : चुनखडीत पाणी मुरते, त्यामुळे उंचावर झरे विरळ. पुरेसे पाणी सोबत घ्या. धुके दाटले तर वेळीच मागे फिरा.